मागे गेलेली तारीख

संध्याकाळी लेकीशी व्हिडिओवर बोलायला आप्पा कॉम्प्युटरपुढे बसले, तर पडद्यावर लाल इशारा: ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही. माहिती चोरीला जाऊ शकते.’ दुसरी साइट उघडली, तिथेही तेच. लेकीला फोन लावला. “काही चोरीला गेलेलं नाही, आप्पा. आतला सेल संपला की कॉम्प्युटरची तारीख मागे जाते आणि प्रत्येक साइट त्याला खोटी वाटते. कोपऱ्यात आजची तारीख टाका, की इशारा जाईल.” आप्पांनी चष्मा सावरून पाहिलं. तारीख कितीतरी वर्षं मागे गेली होती. त्या वर्षी बायको हयात होती. शेजारच्या खोलीतून “अहो, उठा आता त्या डबड्यापुढून” म्हणून ओरडायची. आप्पांचा हात माउसवरच थांबला. “सापडली का तारीख?” लेकीनं फोनवर विचारलं. “शोधतोय गं,” आप्पा खोटंच बोलले आणि थोडा वेळ त्या वर्षात बसून राहिले.