चंदनाची सोबत

मेडशीच्या शिवारात मजूर लखीरामने पहिल्या चंदनावर कुऱ्हाड उगारली, तेवढ्यात वैभवी बांधावरून ओरडली, "काका, थांबवा त्याले!"

बागेचा मालक जगदेव थांबणाऱ्यातला नव्हता. एकदा मनाने घेतलं की घेतलं. तीन वर्षं पोटच्या पोरांसारखी वाढवलेली झाडं एकामागून एक पिवळी पडत होती. रोग शेजारच्या बागेत शिरण्याआधी सगळी तोडून जाळायची, असं त्याने ठरवून टाकलं होतं. त्याची बायको तुळसाबाई शेतातल्या खोपीच्या दाराशी पाठ करून बसली होती. तिला ते बघवत नव्हतं.

वैभवी मंगरूळपीरची, झाडांच्या रोगांवर काम करणारी. बागेतली पानं तिनेच तपासणीला नेली होती. धापा टाकत ती आली आणि दोन फांद्या मोडून जगदेवसमोर धरल्या. एकीची पानं बारीक, ताठ, ब्रशच्या केसांसारखी उभी. दुसरीची चांगली मोठी, पण पिवळी आणि मान टाकलेली.

"हे बारीक पानाचे झाडं नाल्याकाठचे. त्याइले लागण हाय. तुडतुडे हा रोग पसरवतात, अन् याले औषध नाई. ते काढाच लागतीन. पन हे पिवळे? त्याइच्यात रोग सापडलाच नाई."

"मंग पिवळे काहून पडून राह्यले?"

तिलाही तेच कोडं पडलं होतं. ती एका पिवळ्या झाडाच्या बुडाशी उकिडवी बसली. मातीत बोटाएवढे वाळके खुंट दिसत होते.

"काका, इथं काय होतं?"

"तूर होती. करंज होते. पहिल्या झाडाले रोग दिसला अन् म्या सारं छाटून टाकलं." जगदेवच्या आवाजात थोडी ऐटच होती. "कोरोनात आपन दूर दूर राह्यलो म्हनून वाचलो ना? म्हनलं, झाडाइलेबी मोकळं ठेवा. एकाचं दुसऱ्याले नोको लागाले."

वैभवी हसली नाही. हसण्यासारखं होतं, पण त्याचा चेहरा पाहून तिला हसवेना.

"चंदन एकट्यानं जगत नाई, काका. त्याचे मुळं शेजारच्या मुळाइले धरतात, त्याच्यातलं खातात. तुमी रोग नाई थांबवला. त्याइचं जेवन थांबवलं."

जगदेवने वाकून एका वाळक्या खुंटावर हात ठेवला. "म्हंजे म्याच मारले."

"अजून मेले नाईत." तिने एक शेंडा वाकवून दाखवला. टोकाला हिरवा कोंब होता. "सोबत भेटली तं बरेचसे उठतीन."

लखीराम कुऱ्हाड खांद्यावर टाकून नाल्याकडे निघाला. नाल्याकाठची झाडं वाचणार नव्हती. जगदेव त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिला. मग माती घासल्याचा आवाज आला म्हणून त्याने वळून पाहिलं.

तुळसाबाई खोपीतल्या पोत्यातून पदरभर तूर घेऊन आली होती. खुरप्याने ओली माती उकरून ती पिवळ्या झाडाच्या अगदी खोडाला लागून दाणे टोकत होती.

"लय जवळ लावून राह्यली तू," जगदेव म्हणाला. "थोडं दूर लाव."

तुळसाबाईने वर पाहिलं नाही.

"भुकेल्याचं ताट कोनी दूर ठेवते काय?"