मधूचा हट्ट

"मी इथून पुढं येणार नाही," मधू म्हणाला आणि खडकाला टेकून बसला.

वरद त्याच्या चार पावलं वर उभा होता. समोर कड्याला चिकटून आडवी वाट गेली होती, जेमतेम एका पावलाची. डाव्या हाताला कातळ होता. उजव्या हाताला काहीच नव्हतं. खाली नजर टाकली की कोयनेकाठचं रान दिसे, आणि तेही फार लांब. वाटेवर वाळलेलं गवत आडवं पडलं होतं. जानेवारीतले चार वाजून गेले होते. ऊन समोरच्या डोंगरावर होतं, कडा कधीच सावलीत गेला होता.

अर्ध्या तासापूर्वी खिंडीत खालच्या वाडीतला कोंडीबा भेटला होता. त्याची म्हसरं तिथंच चरत होती. "आता वर जाऊ नगा," तो म्हणाला होता. "थंडीचा दिस लय ल्हान. आन या वाळल्या गवतावर बुटाचा पाय ठरत न्हाई." तिघांतला जयराज शेतकऱ्याच्या घरचा. त्याने एकदा वर बघितलं, एकदा कोंडीबाकडे बघितलं आणि म्हणाला, "मी वाडीत थांबतो. तुमीबी लय ताणू नका रं." तो कोंडीबाबरोबर उतरला.

वरदला मात्र उतरता येत नव्हतं. मागच्या वर्षी कॉलेजची मुलं याच कड्यावरून परत फिरली होती. वरद सांगलीत, विश्रामबागच्या कॉलेज कँटीनमध्ये सगळ्यांसमोर बोलून बसला होता, की आम्ही माथ्यावरून सूर्यास्ताचा फोटो घेऊन येऊ. मामाकडून मागून आणलेला कॅमेरा गळ्यात होता.

"मग बस इथं," तो मधूला म्हणाला. "मी एकटा जातो. सोमवारी सांगतो सगळ्यांना, फलटणचा वाघ खडक धरून बसला होता."

मधूने चष्मा काढून शर्टाला पुसला. तो परत घालून त्याने एकदा खाली बघितलं.

"तुला एकट्याला कसा सोडू?" मधू म्हणाला आणि उठला.

वीसेक पावलं गेल्यावर मागे गवत सरकल्याचा आवाज आला. वरदने वळून बघितलं तेव्हा वाटेवर कोणी नव्हतं. मधू ओरडलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या माणसांनी दोर आणि घोंगडी नेऊन त्याला वर आणलं. हवालदार आले. मधूचा मामा आला. वरद एका अंगणात कोणीतरी दिलेला चहा हातात धरून बसला होता. तो रात्रभर झोपला नव्हता. हवालदारांनी वही उघडून विचारलं, "कोंडीबानं नको म्हटलं होतं ना? मग वर कशाला गेलात?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. मधूचा मामा तर अगदी समोर होता.

"मधू ऐकेना," वरद म्हणाला.

असं बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. दोन शब्द तोंडातून गेले आणि हवालदारांनी ते लिहून घेतले. जयराजने चमकून त्याच्याकडे बघितलं. पण तो खिंडीतूनच परतला होता, पुढचं त्याला ठाऊक नव्हतं. मामाने मान खाली घातली. संध्याकाळपर्यंत ते दोन शब्द फलटणला पोचले.

वरदने नंतर तीनदा पत्र लिहायला घेतलं. एकदा फलटणच्या एसटीत बसला आणि गाडी सुटायच्या आत उतरला. तेरावा होऊन जाऊ दे, मग जाऊन सांगू, असं त्याने स्वतःला बजावलं.

तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी मधूचे वडीलच सांगलीला वरदच्या घरी आले. शाळामास्तर होते. वरदच्या आईने पाणी दिलं, ते त्यांनी तसंच बाजूला ठेवलं.

"वहिनी, मी तुमची माफी मागायला आलोय," ते म्हणाले.

"अहो, असं काय बोलताय?"

"बोलायलाच हवं. आमच्या मुलाने हट्ट केला. तो गेला तो गेला, पण तुमच्या मुलाचं काही बरंवाईट झालं असतं तर आम्ही तुम्हाला तोंड कसं दाखवलं असतं?"

आईने पदर डोळ्यांना लावला. मास्तर वरदकडे वळले.

"त्याची आई जेवत नाही. सारखी एकच बोलते, आपल्या पोराने दुसऱ्याचं लेकरू मरणाच्या तोंडी नेलं. जन्मात कधी हट्ट केला नाही त्याने, मग त्या दिवशीच कसा केला, म्हणते. मी काय सांगू तिला? तू एवढंच सांग बाळा, की तुझ्या मनात त्याच्याविषयी राग नाही. मी ते घरी जाऊन सांगतो. तेवढ्याने दोन घास तरी खाईल ती."

आणि त्यांनी हात जोडले. पन्नाशी उलटलेला माणूस एकोणीस वर्षांच्या मुलासमोर हात जोडून उभा होता.

"काका, मी..." वरद म्हणाला आणि थांबला. पुढचं सगळं तयार होतं. इतके दिवस तो ते मनात घोकत होता. आई त्याच्याकडे बघत होती. आपल्या मुलाने काहीतरी चांगलं बोलावं, एवढीच वाट बघत असल्यासारखी. खरं सांगायची हीच वेळ होती. अशी वेळ पुन्हा आली नाही, हे पुढे कित्येक वर्षं त्याला कळत राहिलं.

त्याने मास्तरांचे जोडलेले हात खाली घेतले.

"माझ्या मनात काही नाही, काका," तो म्हणाला. "मी मधूला केव्हाच माफ केलंय."