बिनशिक्क्याची फळी

दुपारी तीन वाजता रद्दीवाल्याचा टेम्पो शाळेच्या फाटकाशी लागला. पुस्तकांची पोती भिंतीला टेकवून तयार होती. दोन दिवसांचं प्रशिक्षण आटोपून ग्रंथपालबाई नेमक्या त्याच वेळी आत शिरल्या. एका पोत्याच्या तोंडातून निळी कापडी पट्टी डोकावत होती. पुस्तकाच्या फाटलेल्या कण्यावर ती त्यांनीच चिकटवली होती. खांद्यावरची पिशवी खाली न ठेवता त्या थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या.

"मोठ्या बाई, ही पोती कुणी भरली?"

"या, या! झालं प्रशिक्षण?" मोठ्या बाई खुशीत होत्या. "तुम्ही तिकडे शिकत होतात, आम्ही इकडे करूनही टाकलं. तुमच्या प्रशिक्षकांनी सगळ्या शाळांना कळवलं होतं. पाच वर्षांत एकदाही दिलं गेलं नाही ते पुस्तक म्हणजे अडगळ. तिथे आता टॅबलेट चार्ज करायचं कपाट बसवतोय."

नियम खरा होता. कालच सभागृहात प्रशिक्षकाने तो पडद्यावर दाखवला होता आणि ग्रंथपालबाईंनी मान डोलावली होती. नकाशांच्या कपाटामागची फळी तेव्हा त्यांच्या मनातही आली नव्हती.

त्या फळीवरची पुस्तकं कुणी घरी नेत नसे. वयात येताना शरीराचं काय होतं, परीक्षेच्या भीतीने पोट का दुखतं, आईवडील वेगळे होतात म्हणजे काय, घरात कुणी दारू पीत असेल तर मुलांनी काय करावं, असली ती पुस्तकं. घरी न्यायचं म्हणजे पुस्तकातल्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का आला, खात्यावर नाव आलं, आणि घरी दप्तर तपासणाऱ्या आया आल्या. म्हणून ग्रंथपालबाईंनी पद्धतच पाडली होती. कपाटामागे बसायचं, वाचायचं, जागेवर ठेवायचं. शिक्का नाही, नाव नाही, प्रश्न नाही. सारखं ओठांवर बोट ठेवून 'शूऽऽ' करतात म्हणून मुली त्यांना पाठीमागे 'शूबाई' म्हणत. पण ज्या मुलीला कुठेच बोलता येत नसे ती मधल्या सुट्टीत शूबाईंकडेच येई. शाळेत सगळ्यांत जास्त हाताळलेली पुस्तकं ती होती, आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्या. मुलींना झाकता झाकता बाईंनी पुस्तकांनाच मारून ठेवलं होतं.

"ती वाचली जातात," त्या म्हणाल्या. "पानं बघा, कोपरे काळे पडलेत. कणे सुटलेत."

"वाळवी असेल," शेजारच्या टेबलावरून कारकून म्हणाला. "वाळवीही शिक्का न मारताच वाचते."

मोठ्या बाई हसल्या. ग्रंथपालबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या कपाटाला हात लावण्याआधी एक फोन करता आला नाही? मी काय परदेशात होते?"

"आवाज खाली. तुमचं कपाट नाही, शाळेचं आहे."

"मग शाळेच्या मुलींचंही आहे. त्यांना विचारलंत?"

"कोणत्या मुलींना?" मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "एक नाव सांगा. एकच. आत्ताच्या आत्ता पोती उतरवायला लावते."

नाव ग्रंथपालबाईंच्या जिभेवरच होतं. आठवीतली मुलगी. गेल्या आठवड्यापासून रोज येत होती आणि दारूवरचं पुस्तक गुडघ्यावर घेऊन बसत होती. मागच्या शुक्रवारी तिने विचारलं होतं, "बाई, हे सोमवारीही इथेच असेल ना? माझं अजून व्हायचंय." ग्रंथपालबाई म्हणाल्या होत्या, "कुठे जातंय?"

नाव घेतलं असतं तर पोती उघडली असती. आणि या खोलीत, त्या कारकुनासमोर, आणखीही बरंच काही उघडं पडलं असतं. 

"नाव सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "हवं तर सगळी माझ्या नावावर द्या."

"खात्यातून कमी केलेलं पुस्तक कुणाच्या नावावर देता येत नाही. ग्रंथपालांना हे मी सांगायचं?" मोठ्या बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "अहो, वाचणारं कुणी असतं तर माझ्या कानावर आलं नसतं? शाळेतल्या प्रत्येक मुलीच्या घरचं मला ठाऊक आहे."

ग्रंथपालबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग त्या बाहेर पडल्या. मागे दार आपटलं, ते कारकुनाची पेन्सिल टेबलावरून पडेल इतक्या जोरात.

टेम्पो निघून गेला होता.

शाळा सुटल्यावर आठवीतली ती मुलगी ग्रंथालयात आली. सरळ कपाटामागे गेली आणि तशीच परत आली.

"बाई, पुस्तकं?"

"गेली."

"पण तुम्ही म्हणाला होतात..."

"हो. म्हणाले होते."

"कुणी नेली?"

ग्रंथपालबाईंनी टेबलावरचा शिक्का उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "उद्या ये," त्या म्हणाल्या. "पुस्तक नसलं तरी ये. मी आहे."

बाहेर हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला, लांबलचक. मुलगी दचकली, दप्तर सावरत पळाली. ग्रंथपालबाई खिडकीशी आल्या. फाटकाबाहेर गाडी उभी होती. मोठ्या बाई पुढे बसल्या होत्या आणि खिडकीतून हात काढून लेकीला "चल लवकर" म्हणून खुणावत होत्या. गाडी त्यांचे यजमान चालवत होते. मुलीने मागचं दार उघडलं, पण ती लगेच बसली नाही. आधी वडिलांच्या खांद्याशी वाकून तिने वास घेतल्यासारखा खोल श्वास आत ओढला. मग बसली.