संताजी मास्तरांची मुदतवाढ

त्या शनिवारी संताजी मास्तर निवृत्त झाले. शाल झाली, नारळ झाला, सगळ्यांचा मिळून फोटो झाला. शाळेतल्या प्रमोदिनीबाईंनी निरोपाचं गाणं म्हटलं आणि दुसऱ्या कडव्याला त्या खरोखर रडल्या.

सोमवारी घंटेच्या आधी मास्तर छडी काखेत मारून शाळेच्या फाटकाशी हजर होते. प्रमोदिनीबाईंनी शाल घडी करून कपाटात ठेवली. ती गेल्या वर्षीचीच होती.

यंदा आपलीच पाळी, अशी दिवाकरची मात्र खात्री होती. शाळेत मास्तरांच्या खालोखाल तोच. हेडमास्तरच्या खुर्चीसाठी त्यानं केव्हाची गादी शिवून घेतली होती. दर उन्हाळ्यात तिला ऊन दाखवायचं आणि परत माळ्यावर टाकायची.

आडवा येत होता जयसिंगराव. मास्तरांचा जुना विद्यार्थी, आता शिक्षण खात्यातला मोठा साहेब. मध्यभारताचं सरकार हिवाळा ग्वाल्हेरला काढी आणि उन्हाळ्याला फायली-बियली घेऊन इंदूरला येई. त्या फायलींबरोबर जयसिंगराव येई आणि मास्तरांना वर्षभराची मुदतवाढ देऊन जाई. शिष्य असावा तर असा, असं सराफ्यात लोक म्हणत.

मास्तर स्वतः काही म्हणत नसत. देपालपूरला लेकीकडे जायची ट्रंक तेवढी ते दरवर्षी भरून ठेवत. माणसाला तेवढं दाखवावं लागतं, असं दिवाकरचं मत होतं.

बाकी मास्तर नियमाचे पक्के. पाठ होणं वेगळं, पक्कं होणं वेगळं, हा त्यांचा नियम. पक्कं झाल्याशिवाय पोरगा वरच्या वर्गात जात नसे, मग तो सरदाराचा का असेना. एकोणतिसाच्या पाढ्यापायी जयसिंगरावाला चौथीतच मिशी फुटली होती. मास्तर ते कौतुकानं सांगत.

तर निरोपाच्या दुसऱ्या दिवशी, मधल्या रविवारी, दिवाकर म्हणाला, "सर, साहेबांकडे मी पण येतो."

"चल. साक्षीला कोणीतरी असलेलं बरं."

लालबागेच्या वाटेवर साहेबांचा बंगला होता. जयसिंगराव अनवाणी पायऱ्या उतरून आला, मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवलं, पोहे-जिलेबी मागवली.

"बसा भिया," तो दिवाकरला म्हणाला.

दिवाकरनं घसा साफ केला. "जयसिंगरावजी, सरांवर तुमची किती माया आहे ते अख्ख्या इंदूरला ठाऊक आहे. पण अब बस करा. सर थकलेत."

"मला तर ठणठणीत दिसतात."

"शाळा मी सांभाळीन ना. माझी पूरी तयारी आहे. गादीसुद्धा..." तो थांबला.

"कसली गादी?"

"काही नाही."

जयसिंगराव हसला नाही. "तुम्हाला वाटतं, मी त्यांना अडवून ठेवलंय? मैं कौन होता हूँ, भिया. सगळं सरांच्याच हातात आहे. आजसुद्धा."

दिवाकरनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर जिलेबीचा शेवटचा तुकडा शांतपणे संपवत होते. म्हाताऱ्यालाच खुर्ची सुटत नाही, हे दिवाकरला आता स्वच्छ दिसलं. एवढ्या वर्षांत आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचाच त्याला राग आला.

मास्तरांनी बोटं पुसली, टोपी सारखी केली. "करू सुरू?"

"करा, सर."

मास्तर उठले. भिंतीला पाठ लावून सरळ उभे राहिले, हाताची घडी घातली.

"एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न."

दहापर्यंत ते कुठंही अडखळले नाहीत. दिवाकर टाळी वाजवणार होता, पण बशी मांडीवर होती.

जयसिंगराव डोळे मिटून ऐकत होता. मग त्यानं मान हलवली, अगदी मायेनं.

"पाठ झालंय, सर. पक्कं नाही झालं. आणखी एक वर्ष बसा. तुमच्याच भल्यासाठी सांगतो."

मास्तरांनी हाताची घडी सोडली नाही. "सरकारच्या सेवेशी," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "अर्जदार संताजी मोहिते, वर्तणूक चांगली, यांची मिशी वर्गातच पांढरी झाल्याचे ध्यानी घेऊन त्यांना यंदा तरी पास करण्यात यावे, ही नम्र विनंती."