नाताळचा द्रोण

पाचवा द्रोणही फाटला, तेव्हा चारुलतानं काडी दातात धरली आणि पुन्हा नव्या पानाला हात घातला. पळसाची पानं घरामागच्या मोकळ्या प्लॉटमधलीच होती. प्रतापनगरात तेव्हा घरं कमी आणि पळस जास्त. तिकडे खाटेवर करंज्या, शंकरपाळे आणि फडक्याखाली केक अशी सगळी वऱ्हाडी मंडळी नटूनथटून बसली होती. खोळंबा होता तो फक्त गाडीचा, म्हणजे द्रोणाचा.

"अवं, स्टीलच्या डब्यात दे ना," गिरिधर म्हणाला. तिचा नवरा, रेल्वेत गार्ड. "मांडणीवर चार डबे नुसते चमकून राहिले."

"सावनेरले डब्यातच दिलं होतं. विसरले का तुम्ही?"

गिरिधर विसरला नव्हता. मागच्या नाताळला सावनेरच्या शेजारणीला दिलेला डबा संध्याकाळी कुंपणावर ठेवलेला सापडला होता. आतला केक जसाच्या तसा. 'आमच्यात दुसऱ्याच्या भांड्यातलं चालत नाही,' असा निरोप वर. चर्चला नेसलेली नवी साडी न बदलताच चारुलता रडत बसली होती.

यंदा रडायची तिची तयारी नव्हती. सातवा महिना लागला होता. गिरिधर आठवड्यातले चार दिवस गाडीवर. वेळी-अवेळी कळा सुरू झाल्या तर हाक मारावी असं भिंतीपलीकडे एकच घर होतं, प्रयागबाईंचं. दिवाळीनंतर चारुलताचं बिऱ्हाड सावनेरहून इथं आलं, पण दोघींचं बोलणं अजून 'नळ आला का' याच्यापुढे सरकलं नव्हतं. चारुलताला ती बाई आपली व्हायला हवी होती. केक हे निमित्त.

पण बाई पडली सोवळ्याची! निदान चारुलताची तशी खात्री होती. पहाटे आंघोळ, उदबत्तीचा वास, काहीतरी पुटपुटणं. पंधरा दिवसांपूर्वी तिनं मोठ्या हौसेनं चहाला बोलावलं, तर पांढऱ्याशुभ्र लुगड्यातल्या प्रयागबाई दारातूनच म्हणाल्या, "आज पौर्णिमा हाय. उपास हाय माहा." संपलं! चारुलतानं आधण उतरवलं आणि खूणगाठ बांधली. अशा घरात आपलं भांडं चालायचं नाही. पान चालेल. पानाला विटाळ नसतो.

"पण त्या सोवळ्याच्या आहेत, हे तुले सांगितलं कोणी?" गिरिधरनं विचारलं.

"सांगायले काहून पाहिजे? दिसतं ना."

यावर नवऱ्यांनी पानं पुसायची असतात. तो पानं पुसायला लागला.

सहावा द्रोण टिकला. चारुलतानं तो काठोकाठ भरला, दुसऱ्यांदा आंघोळ केली, ओले केस तसेच बांधले आणि निघाली.

प्रयागबाई ओट्यावर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. हिला येताना पाहून त्या हसल्या, हात झटकत उठल्या आणि दोन्ही हात पुढे केले. चारुलता शहाणी. आपला स्पर्श होऊन बाईंची पंचाईत नको, म्हणून तिनं द्रोण अलगद ओट्याच्या कडेला ठेवला आणि पदर आवरून दोन पावलं मागं सरली.

"मावशी, आज आमचा नाताळ. थोडा फराळ आणला तुमच्यासाठी."

प्रयागबाईंचे हात तसेच राहिले. हसू मात्र गेलं.

"उचल ते," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "आमच्या गावात आम्हाले असंच देत होते. पानात, दुरून ठेवून. आमचा हात लागला तर भांडं बाटे त्यांचं. दीक्षा घेतली, चौदा वर्षं झाली, ते सारं मांगं टाकून आलो. अन् तू आज तेच माह्या ओट्यावर आणून ठेवलं?"

चारुलताची नजर त्यांच्या खांद्यावरून आत गेली. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्यापुढे उदबत्ती जळत होती. पौर्णिमेचा उपास, पांढरं लुगडं, पहाटेचं पुटपुटणं. सगळं एकदम लक्षात आलं आणि तिचे कान लाल झाले. आपण काय करून बसलो!

"नाही हो मावशी!" तिला रडूच कोसळलं. "मले वाटलं, तुम्हालेच आमचं भांडं चालणार नाही. सावनेरच्या बाईनं केक डब्यासकट वापस केला होता. म्हणून मी सकाळपासून हे द्रोण टोचून राहिली. हे पहा." तिनं काड्या टोचलेली बोटं पुढे केली. "तुमच्या सोवळ्याले भेऊन!"

प्रयागबाईंनी आधी ती बोटं पाहिली, मग तिचं पोट, मग तिचं तोंड.

"माह्या... सोवळ्याले?"

आणि त्या हसायला लागल्या. इतक्या, की त्यांना भिंतीला धरून खाली बसावं लागलं. शेंगांचं सूप कलंडलं, दाणे अंगणभर झाले. हसता हसता त्यांनी चारुलताला हाताला धरून शेजारी ओढलं, बसवलं, द्रोणातला केक मोडला, अर्धा तिच्या तोंडात कोंबला आणि अर्धा स्वतःच्या. डोळे पदरानं पुसले, तरी ते भरतच होते.

"अवं, पन्नाशी उलटली माही," त्या घास गिळत म्हणाल्या, "माह्या सोवळ्याले भेणारी तू पयलीच भेटली!"