चौथा चौकोन

चौथा चौकोन पुन्हा फिकटच आला.

तिने प्रूफ पांढऱ्या दिव्याखाली धरलं, मान तिरकी करून पाहिलं आणि बाजूला सारलं. "पिवळा कमी पडतोय."

"ताई, डॉक्टरांच्या नमुन्यातच तेवढा आहे," फोरमन टेबलाला टेकून म्हणाला. "लोकांच्या नशिबी फुलं, मोटारी, नट्या. आपल्याकडे आलं काय, तर तान्ह्या बाळांची शी. आणि त्यातही तुमचं समाधान होईना."

ती हसली नाही. हे कार्ड बाळंतिणींना वाटायचं होतं. आईने बाळाचं दुपटं त्याच्या शेजारी धरायचं आणि शीचा रंग जुळवायचा. खालचे तीन चौकोन पिवळे-हिरवे. त्यांच्याशी जुळला तर काळजी नाही. वरचे चार पांढरट, मातकट. त्यांच्यातल्या एकाशी जुळला, तर बाळाचं पित्त यकृतातच अडतंय, तडक दवाखाना गाठायचा. चौथा अगदी सीमेवरचा. छपाई प्रूफशी जुळवून होते. प्रूफ चुकलं की एकूण एक कार्ड खोटं बोलणार. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. प्रूफ काढण्यात तिचा हात धरणारं छापखान्यात कोणी नव्हतं.

ती पुन्हा अंधाऱ्या खोलीत गेली. पत्र्यावर विजेचा भार चढवला, फिल्ममधून उजेड सोडला. उजेड पडला तिथला भार गळून गेला. उरला तिथे रंगाचे कण येऊन चिकटले. ते कागदावर उतरवले. प्रत्येक रंगासाठी हे सगळं नव्याने. पिवळ्याची पाळी आली तेव्हा तिने भाराचं बटण नेहमीच्या खुणेच्या पुढे नेलं.

या वेळी चौथ्या चौकोनात ऊब होती. खालच्या तिघांचाच भाऊ वाटावा इतकी.

फोरमनने त्यावर रंग मोजायचा मीटर टेकवला. "मीटर काही वेगळंच सांगतोय."

"जुना झालाय तो."

"सकाळी तुम्हीच तर तपासलात." त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "घरी सगळं ठीक ना? लेक बाळंतपणाला आलीय म्हणत होतात."

"ठीक आहे सगळं," ती म्हणाली आणि प्रूफ पाकिटात घातलं.

दुपारी मुलांच्या डॉक्टरीणबाई सही करायला आल्या. त्यांनी नमुना आणि प्रूफ शेजारी शेजारी ठेवलं.

"हा चौथा बघा. हा पाहून आई म्हणेल, चला, आपलं बाळ ठीक आहे. आणि घरी बसेल. आमच्याकडे येतात तेव्हा यकृताचा दगड झालेला असतो."

"आणि वेळेवर आली तर?" तिने विचारलं.

"दोन महिन्यांच्या आत आली, तर ऑपरेशन करून पित्ताला वाट काढून देता येते. सगळी नाही, पण पुष्कळ मुलं तगतात." डॉक्टरांनी प्रूफ तिच्याकडे सरकवलं. "हे मला चालणार नाही."

"ताईंचं प्रूफ कधी परत येत नाही हो," फोरमन ओशाळून म्हणाला. "आज काय झालंय कोण जाणे."

ती पुन्हा आत गेली. पिवळ्याच्या पाळीला तिचा हात बटणावर तसाच राहिला. मग तिने ते मागे, खुणेवर आणलं.

प्रूफ आलं. चौथा चौकोन ओल्या शाडूसारखा, फिकट. नमुन्याशी तंतोतंत.

"आता बरोबर," म्हणत डॉक्टरांनी पेन उघडलं. सही झाली. फोरमनने सुटकेचा श्वास सोडला आणि प्रूफ घ्यायला हात पुढे केला. तिने ते सोडलं नाही.

"डॉक्टर," ती म्हणाली, "माझी नात दीड महिन्याची आहे. तिचं दुपटं आज सकाळी मीच धुतलं. अगदी हाच रंग होता."