एक तरी कळ

चऱ्होलीच्या दोघी जावा एकाच दिवशी दवाखान्यात औषधाची तांबी बसवायला आल्या. धाकट्या पूनमला तीन पोरांवर चौथं नको होतं. थोरल्या जयमालाला मूल झालंच नव्हतं. पाळीत तिच्या अंगावरून इतकं जायचं की उभं राहवत नसे, म्हणून तिलाही डॉक्टरांनी तीच तांबी सांगितली होती. गावानं मात्र दोघींकडं बघून हसायचं तेवढं हसून घेतलं होतं.

पूनम आत गेली आणि लगेच पदर सारखा करत बाहेर आली. "काय न्हाई वो अक्का, कळलंसुदिक न्हाई!"

जयमालाचा नुसता जळफळाट झाला. पोरं व्हायलाही हिलाच सोपं, थांबवायलाही हिलाच!

जयमालाच्या वेळी तांबी बसवायची सळई आत सरकेचना. तिची किंकाळी ऐकून पूनम धावत आली आणि तिचा हात धरून उशाशी उभी राहिली.

"बाळंतपण झालेलं नसलं की पिशवीचं तोंड घट्ट असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"सोसा अक्का," पूनम कळवळून बोलली. "माझ्या पिंटूच्या येळंला अगदी अशीच कळ आल्ती."

"सोसायचं कशाला? तिथं भूल देते, मग पुन्हा बघू. काही जाणवणार नाही." डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन भरायला घेतलं.

जयमालानं पूनमच्या हातातून आपला हात हिसडून घेतला.

"भूल नको," ती घामेजल्या तोंडानं म्हणाली. "हिला तीनदा आल्या. मला एक तरी येऊ द्या."